फळा, पडदा आणि पस्तीस मिनिटांची तासिका

शाळेत यंत्र आणण्यासाठी लागणारा पैसा अंदाजपत्रकातील कोणत्या ना कोणत्या लेखाशीर्षाखाली दाखवता येतो; ते यंत्र रोज चालते ठेवण्यासाठी लागणारा शिक्षकाचा वेळ मात्र कुठल्याच लेखाशीर्षात बसत नाही, आणि म्हणूनच तो कोणी मोजत नाही. वर्गातील तंत्रज्ञानाविषयीची जाहीर चर्चा एक तर मुलांचे डोळे, एकाग्रता आणि पडद्यासमोर जाणारे तास यांच्याभोवती फिरते किंवा नव्या युगाच्या संधींचे गोडवे गाते. महाराष्ट्रातील जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्यांची तक्रार या दोन्हींहून निराळी आहे. त्यांचा यंत्राला विरोध नाही; किंबहुना गेल्या दहा वर्षांत ते वर्गात आणण्यासाठी गावोगाव वर्गणी मागत तेच फिरले. त्यांचे म्हणणे एवढेच की, जे शिकवण्याला हातभार लावेल असे सांगण्यात आले होते, तेच शिकवण्याचा वेळ खाऊ लागले आहे, आणि या म्हणण्यात किती तथ्य आहे हे यंत्रांच्या संख्येवरून नव्हे, तर तासिकेच्या हिशेबावरूनच ठरवता येते.

अपेक्षा आणि अपेक्षाभंग यांचा हा खेळ नवा नाही. चित्रपट शाळेत आले की पुस्तके कालबाह्य होतील, असे भाकीत थॉमस एडिसनने १९१३ मध्ये केले होते. त्यानंतर रेडिओ, दूरचित्रवाणी आणि संगणक यांच्याविषयी तशीच भाकिते होत राहिली. लॅरी क्युबन या अमेरिकी शिक्षणेतिहासकाराने १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या साऱ्या लाटांचा मागोवा घेऊन दाखवले की, प्रत्येक वेळी आधी उत्साह येतो, मग परिणामकारकता सिद्ध करणारे अभ्यास येतात, त्यानंतर वर्गातील प्रत्यक्ष वापर तोकडा पडल्याची निराशा येते आणि शेवटी दोष शिक्षकाच्या माथी मारला जातो. क्युबनचे वेगळेपण असे की, शिक्षक यंत्र का वापरत नाही, हा प्रश्न त्याने शिक्षकाच्या आळसाकडे बोट न दाखवता त्याच्या दिवसाच्या रचनेकडे पाहून सोडवला: खडू आणि फळा टिकून राहिले, कारण ते कधी बंद पडत नाहीत, लगेच हाताशी येतात आणि शिक्षकाच्या मनात आलेल्या बदलाला तत्क्षणी साथ देतात.

भारतात या प्रवासाची सुरुवात मोठ्या धाडसाने झाली. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात ‘साइट’ या नावाने ओळखला जाणारा उपग्रह दूरचित्रवाणीचा प्रयोग झाला. अमेरिकेकडून तात्पुरत्या वापरासाठी मिळालेल्या एटीएस-६ या उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत सामूहिक दूरचित्रवाणी संचांवर कार्यक्रम पोहोचवले गेले आणि त्यांत सकाळचा वेळ शाळकरी मुलांसाठी राखलेला होता. इस्रोने त्या वेळी संच बसवून हात झटकले नाहीत, तर ते दुरुस्त करणारी माणसे आणि वाहने यांचे जाळेही प्रयोगाचाच भाग म्हणून उभे केले. पुढच्या काळात हीच बाजू गळून पडली. पुण्यात १९८४ मध्ये स्थापन झालेल्या ‘बालचित्रवाणी’ने मराठी मुलांसाठी हजारो शैक्षणिक कार्यक्रम तयार केले आणि एका पिढीच्या स्मरणात तिची धून आजही आहे, परंतु अनुदान आटत गेले, माध्यम बदलले तरी संस्थेला नवे रूप देण्याची तसदी घेतली गेली नाही आणि २०१७ मध्ये ती बंद करण्यात आली. शासनाने शैक्षणिक दृक्‌श्राव्य साहित्याची मागणी पुन्हा जोराने सुरू केली, त्याच सुमारास ते मराठीतून बनवण्याचा तीन दशकांहून अधिक काळचा अनुभव असलेली संस्था मोडीत निघावी, ही या क्षेत्रातील सर्वांत क्लेशकारक घटना म्हणावी लागेल.

ती नवी मागणी २०१५ पासूनची. त्या वर्षी २२ जून रोजी निघालेल्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या शासन निर्णयाने प्रत्येक मूल शिकले पाहिजे असे उद्दिष्ट ठेवले आणि त्याच काळात ‘डिजिटल शाळा’ हा शब्द खेडोपाडी पोहोचला. ठाणे जिल्ह्यातील पाष्टेपाडा या आदिवासी पाड्यावरील शाळेने अल्प खर्चात उभारलेला डिजिटल वर्ग राज्यभर गाजला, बसगाड्या भरभरून शिक्षक तो पाहायला गेले आणि परत येऊन त्यांनी आपापल्या गावात तसा वर्ग उभा करण्याचा चंग बांधला. यासाठीचा पैसा बहुतांशी ‘लोकसहभागा’तून, म्हणजे ग्रामस्थ, माजी विद्यार्थी, ग्रामपंचायत आणि स्थानिक दाते यांच्या वर्गणीतून आला. कुठे एखाद्या शेतमजुराने एका दिवसाची मजुरी दिली, कुठे यात्रेच्या खर्चातून रक्कम वळवली गेली, कुठे शिक्षकांनी स्वतःच्या पगारातून भर घातली. मराठी शाळा ओस पडत असताना गाव पुन्हा शाळेच्या पाठीशी उभे राहिले, हे त्या चळवळीचे खरे श्रेय असून पुढे जे घडले त्यामुळे ते उणावत नाही. तथापि, वर्गणी एकदाच गोळा होते आणि वीजबिल दर महिन्याला येते, ही गोष्ट त्या उत्साहात मागे राहिली.

प्राथमिक शाळेतील तासिका साधारण पस्तीस मिनिटांची असते. चौथीच्या वर्गाला पाण्याच्या चक्राची चित्रफीत दाखवायची असे ठरले, तर आधी कार्यालयातील कपाट उघडून प्रोजेक्टर आणावा लागतो, कारण चोरीच्या भीतीने तो भिंतीवर कायम बसवता येत नाही. मग खिडक्यांवर पडदे किंवा जुनी पोती अडकवायची, कारण कौलारू वर्गात दुपारच्या उजेडात भिंतीवरचे चित्र फिके पडते. खिडक्या झाकल्या की पंख्याविना वर्गात उकडू लागते. एक्स्टेंशन बोर्डची पिन सैल असेल तर ती कागदाची घडी घालून घट्ट बसवायची, लॅपटॉप आणि प्रोजेक्टर यांना जोडणारी केबल हलली तर निळा पडदा दिसतो, म्हणून एका मुलाला ती धरून बसवायचे, आणि आवाजासाठी वेगळा स्पीकर लावायचा. लॅपटॉप बऱ्याच दिवसांनी सुरू केलेला असल्यास तो नेमका त्याच वेळी अद्ययावत होऊ लागतो आणि पडद्यावर टक्केवारी सरकत राहते. एवढे होईतो पंधरा-वीस मिनिटे जातात. चित्रफीत चार मिनिटांची असते. ती संपल्यावर ज्या चर्चेसाठी तिचा घाट घातला ती चर्चा रंगात येण्याआधीच घंटा होते. शिक्षक दुसऱ्या आठवड्यात हाच उद्योग पुन्हा करतो, तिसऱ्या आठवड्यात टाळतो आणि मग प्रोजेक्टर पंधरा ऑगस्टला किंवा तपासणीच्या दिवशी बाहेर निघतो. यात त्याची अनास्था शोधणे अन्यायाचे आहे, कारण पस्तीसपैकी वीस मिनिटे मांडणीत घालवण्यापेक्षा फळ्यावर समुद्र, ढग आणि डोंगर काढून मुलांना बोलते करणे हा अध्यापनशास्त्राच्या कसोटीवरही अधिक शहाणपणाचा निर्णय ठरतो.

वीज हा यातला सर्वांत जुना अडथळा. ‘यू-डायस प्लस’ ही देशभरातील शाळांची माहिती गोळा करणारी केंद्र शासनाची प्रणाली आहे. तिच्या २०२३-२४ च्या अहवालानुसार देशातील ९१.८ टक्के शाळांत वीज, ५७.२ टक्के शाळांत संगणक आणि ५३.९ टक्के शाळांत इंटरनेट होते. मात्र शाळेत वीज असणे आणि तासिकेच्या वेळी वीज असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि कोणताही वार्षिक अहवाल त्यातली फक्त पहिली मोजतो. बिल थकल्याने जिल्हा परिषद शाळांची जोडणी तोडल्याच्या बातम्या महाराष्ट्रात नित्याच्या झाल्या आहेत. समग्र शिक्षा योजनेतून मिळणारे संयुक्त शाळा अनुदान पटसंख्येवर ठरते. सर्वांत लहान शाळांना ते वर्षाला १०,००० रुपये असते आणि त्यातूनच खडू, कागद, स्वच्छता, किरकोळ दुरुस्ती आणि वीजबिल हे सारे भागवावे लागते. अनुदान वर्षाच्या उत्तरार्धात जमा झाले तर तोवरचा खर्च मुख्याध्यापकाच्या खिशातून जातो. प्रोजेक्टरचा दिवा जळाला किंवा इन्व्हर्टरची बॅटरी बसली की नवी घेण्यासाठी वर्षभराच्या अनुदानाचा मोठा भाग द्यावा लागतो, म्हणून ती घेतलीच जात नाही.

बंद पडलेल्या वस्तूचे पुढे काय होते हेही पाहण्याजोगे आहे. शाळेच्या मालकीची प्रत्येक टिकाऊ वस्तू ‘जडवस्तू संग्रह’ नोंदवहीत, म्हणजे बोलीभाषेत डेडस्टॉक रजिस्टरमध्ये, चढवलेली असते आणि तिची जबाबदारी मुख्याध्यापकावर असते. वस्तू निकामी झाली तरी ती टाकून देता येत नाही. तिचे ‘निर्लेखन’, म्हणजे नियमानुसार नोंदीतून कमी करणे, वरिष्ठांच्या मंजुरीने व्हावे लागते आणि ती प्रक्रिया वेळखाऊ असल्याने तिच्या वाटेला सहसा कोणी जात नाही. परिणामी बदली होऊन आलेला मुख्याध्यापक कार्यभार घेताना मृत संगणक, फुगलेल्या बॅटऱ्या आणि तारा तुटलेले माऊस एकेक मोजून ताब्यात घेतो. माध्यमिक शाळांत संगणक प्रयोगशाळांसाठी ‘बूट’ हे तत्त्व वापरले गेले, ज्यात कंत्राटदाराने प्रयोगशाळा उभारायची, ठरलेल्या मुदतीपर्यंत स्वतःच्या मालकीत चालवायची, निदेशक नेमायचा आणि मुदत संपल्यावर सारे शाळेकडे हस्तांतरित करायचे अशी व्यवस्था असते. हस्तांतरण होते तेव्हा संगणक पाच वर्षे जुने झालेले असतात आणि ते चालवणारा निदेशक करार संपल्याने घरी गेलेला असतो; ज्या क्षणी यंत्राला माणसाची सर्वाधिक गरज निर्माण होते, नेमक्या त्याच क्षणी माणूस काढून घेतला जातो.

तंत्रज्ञानाने मुले शिकतात की नाही, या प्रश्नावर जगभर झालेले अभ्यास परस्परविरोधी वाटतात, पण वेळेच्या दृष्टीने पाहिल्यास त्यांत सुसंगती दिसते. प्रत्येक मुलाला स्वस्त लॅपटॉप देण्याच्या आंतरराष्ट्रीय मोहिमेला भारताच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ मध्ये नकार दिला आणि वर्गखोल्या व शिक्षक यांची निकड अधिक असल्याचे कारण दिले. तरीही पुढच्याच वर्षी रायगड जिल्ह्यातील कर्जतजवळच्या खैरात येथील छोट्या शाळेत या लॅपटॉपचा प्रायोगिक वापर झाला. पेरू देशाने ही मोहीम मोठ्या प्रमाणावर राबवली. तेथील ३१९ शाळांच्या अभ्यासातून, मुलांमागे संगणकांची संख्या जवळपास दहापट होऊनही गणित आणि भाषेच्या चाचण्यांत फरक पडला नाही, असे दिसून आले. याउलट वडोदरा येथील महापालिका शाळांत ‘प्रथम’ या संस्थेने चौथीच्या मुलांना आठवड्यातून दोन तास, एका संगणकावर दोघांना बसवून, गणिताचे खेळ दिले तेव्हा गुण ठळकपणे वाढले, जरी कार्यक्रम थांबल्यानंतरच्या वर्षात ती वाढ बरीच ओसरली. दिल्लीत सहावी ते नववीच्या मुलांसाठी शाळेबाहेरच्या केंद्रांत, प्रत्येकाच्या प्रत्यक्ष पातळीनुसार प्रश्न देणारी संगणक प्रणाली साडेचार महिने वापरली गेली आणि तेथेही गणित व हिंदीत मोठी प्रगती नोंदली गेली.

या मालिकेत गुजरातमधील ‘ज्ञानशाळा’ या संस्थेच्या वर्गांचा अभ्यास सर्वांत बोलका आहे. अर्थशास्त्रज्ञ ली लिंडेन यांनी तेथे एकच संगणक कार्यक्रम दोन प्रकारे तपासला: एका प्रकारात तो शिक्षिकेच्या शिकवण्याच्या वेळेच्या जागी ठेवला, दुसऱ्यात शाळा सुटल्यानंतरच्या जादा वेळेत. पहिल्या प्रकारातील मुले तो न वापरणाऱ्या मुलांपेक्षा मागे पडली आणि दुसऱ्या प्रकारातील, विशेषतः आधी कच्ची असलेली, मुले पुढे गेली. कार्यक्रम तोच, मुलेही त्याच आर्थिक स्तरातील. फरक होता तो त्या यंत्राने शिक्षिकेचा वेळ घेतला की मुलाच्या वेळेत भर घातली, एवढ्याच गोष्टीचा. महाराष्ट्रातील धोरणकर्त्यांनी खरेदीचे प्रस्ताव करताना हा एकच निष्कर्ष समोर ठेवला असता, तरी पुष्कळ खर्च योग्य जागी पडला असता.

पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोड हे या कसोटीला बऱ्यापैकी उतरणारे उदाहरण. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी आपल्या शाळेत सुरू केलेली ही कल्पना पुढे बालभारतीच्या पुस्तकांत आली आणि त्यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा तिचा विशेष उल्लेख झाला. चौकोनी ठिपक्यांचे चित्र मोबाइलने टिपले की ‘दीक्षा’ या २०१७ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय व्यासपीठावरील त्या धड्याचे साहित्य उघडते. कल्पना साधी, छपाईचा खर्च नगण्य आणि शिक्षकाच्या तासिकेला धक्का नाही. परंतु ती ज्या मोबाइलवर अवलंबून आहे तो मुलाच्या वडिलांच्या खिशात असतो, वडील ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर असतात आणि मूल पुस्तकातल्या त्या ठिपक्यांकडे नुसते पाहत बसते.

करोनाकाळात हेच वास्तव राज्यव्यापी प्रमाणावर उघडे पडले. ‘असर’ या सर्वेक्षणानुसार ग्रामीण भारतात शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी ज्यांच्या घरी स्मार्टफोन आहे अशांचे प्रमाण २०१८ मधील ३६.५ टक्क्यांवरून २०२१ मध्ये ६७.६ टक्क्यांवर गेले. पण घरात फोन असूनही चारातल्या एकाहून अधिक मुलांना तो अभ्यासासाठी मिळतच नव्हता. सिंधुदुर्गात मुले रेंज शोधत डोंगरावर जाऊन बसली. त्याच दिवसांत सोलापूरच्या निलमनगर वस्तीत एका शाळेच्या शिक्षकांनी घरांच्या सुमारे ३०० भिंतींवर धडे रंगवले, पालघर जिल्ह्यातील पाड्यांवर ‘बोलकी शाळा’ या उपक्रमात ध्वनिक्षेपकावरून पाठ ऐकवले गेले आणि सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. एकाच यंत्राभोवती अनेक मुलांना गोळा करणारी किंवा यंत्राविना चालणारी ही साधने, प्रत्येक हातात एक फोन गृहीत धरणाऱ्या ऑनलाइन वर्गापेक्षा गरिबाच्या मुलापर्यंत अधिक खात्रीने पोहोचली.

आज शिक्षकांच्या बोलण्यात तंत्रज्ञान म्हटले की प्रोजेक्टर येत नाही; येतात ती ‘ऑनलाइन कामे’. २०१५ मध्ये ‘सरल’ ही विद्यार्थी, शिक्षक आणि शाळा यांच्या माहितीची प्रणाली आली, तेव्हा एकदा माहिती भरली की कागदी अहवाल बंद होतील असे सांगण्यात आले होते. नंतर यू-डायस प्लसवर तीच माहिती वेगळ्या रचनेत, पोषण आहाराची रोजची नोंद वेगळ्या अ‍ॅपवर, उपस्थिती चॅटबॉटवर, चाचणीचे गुण आणखी एका ठिकाणी आणि अलीकडे विद्यार्थ्यांचा ‘अपार’ क्रमांक, अशी भर पडत गेली, आणि कागद मात्र बंद झाले नाहीत. २०१६ मध्ये तर गळती रोखण्यासाठी शिक्षकांनी विद्यार्थ्यांसोबत सेल्फी काढून संकेतस्थळावर चढवावी असा आदेश निघाला होता. राज्यभरातून विरोध झाल्यावर तो मागे पडला. केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या प्रशासकीय गटाच्या, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सकाळी अकराला लिंक येते, सोबत ‘आज तीनपर्यंत शंभर टक्के’ असा निरोप येतो, आणि त्याच लिंकवर तालुक्यातील सारे शिक्षक एकदम तुटून पडल्याने सर्व्हर बसतो. फोन शिक्षकाचा, डेटा पॅकही त्याच्याच पैशाचा.

यातील सर्वांत जाचक बाब आधार पडताळणीची आहे. ‘संचमान्यता’ म्हणजे पटसंख्येनुसार शाळेत किती शिक्षकपदे राहतील हे ठरवणारी वार्षिक प्रक्रिया. ती आता आधार जुळलेल्या विद्यार्थ्यांच्या संख्येशी जोडली गेली आहे. शाळेच्या जनरल रजिस्टरमधील जन्मतारीख आणि आधारवरील जन्मतारीख यांत एका दिवसाचा फरक असला, किंवा एका ठिकाणी आडनाव आधी आणि दुसरीकडे नंतर आले, तरी प्रणाली त्या मुलाला अमान्य ठरवते. मूल रोज वर्गात येते, पहिल्या बाकावर बसते, पाढे म्हणते, पण मोजणीत धरले जात नाही, आणि अशी चार-दोन मुले निघाली की काठावरच्या शाळेतील एक पद जाते. म्हणून शिक्षक त्या मुलाच्या आईबापाला घेऊन तालुक्याच्या आधार केंद्रावर रांगेत उभा राहतो. मजुरी बुडाल्याची तक्रार त्यांनी केली तर ती त्यालाच ऐकून घ्यावी लागते.

मोठ्या शहरी शाळेत हे काम लिपिक करतो. राज्यात वीसहून कमी पटाच्या शाळाच सुमारे १५ हजार आहेत आणि त्यांत बहुधा दोनच शिक्षक असतात, लिपिक किंवा शिपाई नसतो. अशा शाळेत ‘बहुवर्ग अध्यापन’, म्हणजे एकाच शिक्षकाने दोन किंवा तीन इयत्तांना एकाच वेळी शिकवणे, अपरिहार्य असते. त्यातला एक शिक्षक रेंजसाठी शाळेमागच्या टेकाडावर गेला की पहिली ते चौथीची सारी मुले दुसऱ्याकडे येतात. तो पहिलीला अक्षरे गिरवायला, दुसरीला बेरजा आणि उरलेल्यांना वाचन देतो आणि कोणाकडेच नीट पाहू शकत नाही. पहिलीच्या मुलाने ‘ळ’ उलटा गिरवला तर तो त्या दिवशी उलटाच राहतो. शिक्षणहक्क कायदा २००९ च्या कलम २७ ने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळता शिक्षकांना अशैक्षणिक कामे देण्यास मनाई केली आहे. मात्र विद्यार्थ्यांची माहिती भरणे हे शैक्षणिक कामच आहे असा अर्थ लावला की कायद्याचा आधार तेथेच संपतो. हा अर्थ चुकीचा आहे, असे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. मुलाचा क्रमांक जुळवण्यात गेलेला तास हा मुलाला शिकवण्यात गेलेला तास नव्हे, आणि कोणत्याही परिपत्रकाने तो तसा होत नाही.

उपाय फार गहन नाहीत, म्हणूनच ते होत नसल्याचे दुःख अधिक आहे. राज्यात शाळांची अशी ४,८६० केंद्रे आहेत. प्रत्येक केंद्रशाळेत माहिती भरणारा एक कर्मचारी नेमला तर दोन शिक्षकी शाळांतील दुपार मोकळी होईल, आणि एकदा भरलेली माहिती सर्व प्रणालींनी आपापसांत घ्यावी एवढा नियम केला तर त्या कर्मचाऱ्याचेही काम निम्म्यावर येईल. अ‍ॅपमध्ये रेंज नसताना भरलेली नोंद रेंज मिळताच आपोआप जाण्याची सोय हवी. शाळेच्या वीजबिलाची रक्कम जिल्हा परिषदेने शाळेच्या खात्यात न टाकता थेट वितरण कंपनीकडे भरावी. निर्लेखनाची शिबिरे तालुक्याच्या ठिकाणी वर्षातून एकदा लावावीत, म्हणजे कपाटे रिकामी होतील आणि मुख्याध्यापकांच्या डोक्यावरचा बोजा उतरेल. खरेदीच्या आदेशातच तीन वर्षांच्या देखभालीची अट, तक्रारीनंतर किती दिवसांत तंत्रज्ञ आला पाहिजे याची मुदत आणि ती न पाळल्यास दंड या गोष्टी लिहिल्या जाव्यात. पुरवठादाराचा शेवटचा हप्ता संच शाळेत पोहोचल्याच्या पावतीवर न देता, तो वर्षभर वर्गात चालला असे वर्गशिक्षकाने लिहून दिल्यावरच द्यावा.